टाकी दारात, नाना आत

"संडास लहान नाहीये गं, टाकी लहान आहे," हे नानांनी बायकोला निदान शंभरदा समजावून सांगितलं होतं. बायकोचं उत्तर ठरलेलं. "मला काय फरक पडतो? जायचं तर मोजूनच ना?"

नानांची शिडाची बोट होती. छोटीशी, पण खाली केबिन, दोन बाकं, चहापुरती शेगडी आणि पुढच्या टोकाला दार लावता येईल असा संडास, एवढा संसार तिच्यात होता. संडासातलं सगळं त्याच्याच मागच्या अडगळीतल्या टाकीत साठायचं आणि धक्क्यावर परत आलं की पंपाने उपसून घ्यायचं. किनाऱ्याजवळ पाण्यात सोडायला बंदी होती, आणि ती रास्तच होती. पण ही टाकी बादलीच्या थोरल्या बहिणीएवढी. त्यामुळे बोटीवर पाऊल ठेवल्यापासून नाना बायकोच्या हातातल्या चहाच्या कपाकडे संशयाने बघत. "दुसरा कप? आत्ताच तर घेतलास!" एकदा भर वाऱ्यात, शीड मस्त फुगलेलं असताना, केवळ टाकी भरली म्हणून त्यांना बोट वळवावी लागली. त्या दिवशी बायको धक्क्यावर उतरली ती सांगूनच. "मोठी टाकी बसवा. नाहीतर यापुढे तुम्ही आणि तुमची बोट. मी काही तहानेनं मरायला समुद्रावर येत नाही."

निवृत्त झाल्यापासून नानांच्या मनात एकच गोष्ट होती. आठवडाभर बोट घेऊन निघायचं, रोज नव्या खाडीत नांगर टाकायचा, आणि बरोबर फक्त बायको. मुलं नाहीत, शेजारी नाहीत, दाराची घंटा नाही. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांना सलग आठ दिवस एकमेकांशी बोलायला मिळालं नव्हतं. तेव्हा टाकी बसवायची हे ठरलं. निघायचा दिवसही ठरला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बायकोच्या थोरल्या भावाला बातमी लागली. हे गृहस्थ दातांचे डॉक्टर. समोरच्याने आ वासलेला असतानाच त्याला प्रश्न विचारायची सवय जडलेली, त्यामुळे उत्तराची वाट बघणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"मोठी टाकी? वा! म्हणजे आता तिघांची सोय झाली की, जावईबापू! मी येतोच. दवाखाना बंद ठेवतो."

नाना काही बोलायच्या आत फोन बंदही झाला. बायकोच्या सख्ख्या थोरल्या भावाला नको कसं म्हणायचं? त्यांनी बायकोकडे चोरून पाहिलं. ती "बरं झालं, दादाला पण बदल मिळेल," म्हणून शेंगा सोलत बसली होती. झालं! नाना रात्रभर कुशीवर कूस बदलत राहिले.

डॉक्टर नुसते येणार होते असं नव्हे, टाकी बसवायलाही येणार होते. निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच ते धक्क्यावर हजर झाले. तोंडाला मास्क, हातात मोजे, कपाळावर दिवा.

"माप नीट घेतलंय ना?"

"डॉक्टर," नाना दुखावल्या आवाजात म्हणाले, "मी जन्मभर इमारतींचे नकाशे काढले."

आणि माप खरोखरच बिनचूक होतं. नानांनी अडगळीचा नकाशा काढला होता, एवढंच नाही, तर नव्या टाकीच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करून ते अडगळीत बसवूनही पाहिलं होतं. असं चपखल बसलं की नानांनी स्वतःचीच पाठ थोपटली. मग त्यांनी टाकी मागवली.

जुनी टाकी काढणं हे पहिलं काम. डॉक्टरांनी दिवा लावला, नळीची क्लिप सैल केली आणि सवयीने म्हणाले, "घाबरू नका, थोडंसं जाणवेल." टाकी रिकामी केलेली होती. नळी रिकामी करायची असते, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. जे काही जाणवायचं ते नानांच्या डाव्या बुटात जाणवलं. "निघाली! मुळासकट निघाली!" डॉक्टर ओरडले. नाना एका पायावर उड्या मारत वर गेले आणि बूट दोरीला बांधून समुद्रात बुडवून आले.

मग नवी टाकी. शिडी काढून ठेवल्यावर ती वरच्या झडपेतून तिरकी होऊन केबिनमध्ये उतरली. केबिनमधून संडासाच्या दाराशी आली. आणि तिथे थांबली.

"तिरकी करा," नाना म्हणाले.

"तिरकीच आहे."

"मग उभी करा."

"उभी केली. आता आडवी करू का?"

दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. तरी टाकी अडलेलीच. नाना चौकटीकडे बघत राहिले. मग अडगळीकडे बघितलं. मग कोपऱ्यात पडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय झालं?"

"हे खोकं..." नानांचा आवाज खोल गेला होता. "हे मी घडी घालून आत नेलं होतं हो."

डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा चौकटीवरून फिरवला. मग म्हणाले, "हरकत नाही. जागा कमी असली म्हणून अक्कलदाढ यायची थांबते का? तुम्ही आतून ओढा, मी बाहेरून ढकलतो."

नाना कसेबसे फटीतून संडासात शिरले. टाकीला दोर बांधला. डॉक्टरांनी कडांना भांडी घासायचा साबण फासला, पाठ बाकाला टेकवली, दोन्ही पाय टाकीला लावले आणि जोर केला. टाकी करकरली, सरकली, अर्धी आत आली आणि चौकटीत अशी गच्च बसली की ना पुढे, ना मागे. वरून बोटभर, खालून बोटभर फट. बाकी सगळी टाकी.

"जावईबापू, तुम्ही कुठे आहात?"

"कुठे असणार? आतच!"

पुढचा काही वेळ ढकलण्यात, ओढण्यात आणि एकमेकांना सूचना देण्यात गेला. शेजारच्या बोटीवर एक निवृत्त न्यायाधीश रंग देत होते. संडासाच्या गोल खिडकीत नानांचं तोंड दिसलं, तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवून दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि निकाल दिला. "टाकी कापा. माणूस आधी."

"नाही!" खिडकीतून नाना किंचाळले. "टाकीला हात लावायचा नाही!"

त्यातच नानांना एक जुनीच गरज नव्याने जाणवू लागली. सकाळपासून कामाच्या भरात तीन कप चहा झाला होता. भांडं समोरच होतं, गुडघ्याला लागत होतं. पण त्याची नळी उघडी होती आणि टाकी दारात होती. संडासात कोंडलेल्या माणसाला संडासाची सोय नव्हती. नानांनी पाय जवळ घेतले आणि दात आवळून म्हणाले, "डॉक्टर, हिला बोलवा. लवकर."

बायको डबा घेऊन आली. खाली उतरून तिने टाकीकडे पाहिलं, टाकीच्या वरच्या फटीतून दिसणाऱ्या नवऱ्याच्या कपाळाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. आधी नाकासाठी, मग हसू लपवायला.

"अहो, जेवलात का?"

"जेवण राहू दे गं! आधी मला बाहेर काढ!"

"छकुले," डॉक्टर म्हणाले, "दोनच उपाय आहेत. टाकी कापायची, नाहीतर ही चौकट कापायची. मी म्हणतो टाकी कापू. चौकट नानांच्या जिवाचा तुकडा आहे. दरवर्षी तिला पॉलिश करतात."

"नको!" आतून आवाज आला. मग जरा वेळाने, अगदी हळू, "टाकी नको कापूस. टाकी नसली तर तू येणार नाहीस. चौकट गेली तर जाऊ दे. तू ये म्हणजे झालं."

बायकोने पदर खाली केला. संडासाला लागून कपड्यांचं रुंद दाराचं कपाट होतं. ते तिने उघडलं, आत डोकावलं आणि पुन्हा लावून टाकलं.

"दादा, करवत दे."

"मी कापतो ना."

"तू राहू दे. तुझा हात जबड्याला बसलाय."

तिने कापायला सुरुवात केली ती थांबलीच नाही. चौकट कापली, वरची पट्टी कापली, दारालगतची फळीही काढली. पॉलिश केलेल्या लाकडाचा भुगा नानांच्या डोक्यावर पडत होता आणि नाना डोळे घट्ट मिटून बसले होते. कसल्या दुःखाने मिटले होते ते त्यांचं त्यांना ठाऊक. अखेर टाकी मोकळी झाली. नाना बाणासारखे सुटले आणि धक्क्यावरच्या स्वच्छतागृहाकडे पळाले. न्यायाधीशांनी उभं राहून वाट दिली.

परत आले तेव्हा टाकी अडगळीत चपखल बसली होती. डॉक्टर मात्र केबिनमधल्या बाकावर बसून समोर बघत होते. मग ते उठून दुसऱ्या बाकावर बसले आणि तिथूनही समोर बघितलं. दोन्हीकडून संडासाचं भांडं सारखंच स्पष्ट दिसत होतं.

"दार?"

"दार आहे की," नाना म्हणाले. "चौकट नाही."

"सुतार कधी येईल?"

"पुढच्या महिन्यात," बायको म्हणाली. "पण आपण पडदा लावू रे दादा. घरचेच तर आहोत."

डॉक्टरांनी मास्क काढला, नीट घडी घालून खिशात ठेवला. "पडद्यानं दिसायचं थांबेल, छकुले. ऐकू यायचं काय?" मग त्यांना अचानक आठवलं की एका बाईंच्या दाढेचं काम अर्धवट आहे आणि ते आठवडाभर असं उघडं ठेवणं बरं नाही. बायकोने "असं काय करतोस, चल ना" असा आग्रह केला, एकदा. डॉक्टर गेले.

संध्याकाळी नळ्या जोडून झाल्या. नानांना मोकळं वाटत होतं आणि मोकळं वाटल्याबद्दल थोडं अपराधीही. आपलं जाकीट टांगायला त्यांनी कपड्यांचं कपाट उघडलं. त्या कपाटात ते सहसा हात घालत नसत. ते बायकोचं खातं. आतली पाठीमागची फळी, संडासाच्या बाजूची, त्यांच्या नकाशात सलग भिंत म्हणून दाखवलेली होती. नाना वाकले. फळीच्या चार कोपऱ्यांना चार स्क्रू होते.

"अगं! ही फळी सुटते! एवढे चार स्क्रू काढले असते, तर टाकी इकडून आत गेली असती. चौकटीला धक्काही लागला नसता!"

"हो, माहीत आहे. कपाट पुसताना मीच काढते ती."

नाना वळले. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

बायको उशीला अभ्रा घालत होती. तिने मान वर केली.

"दादासमोर?"