चिमूटभर धडा आणि लाल सरडा

एका जंगलात, बाळांनो, सगळं ठीक चाललं होतं. म्हणून राजाला झोप येईना.

राजा म्हणजे सिंह. शेजारच्या जंगलात जेवायला जाऊन आल्यापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिथल्या सिंहाने त्याला सहज विचारलं होतं, "तुमच्याकडे कामाला असलेल्यांना ट्रेनिंग कोण देतं?" आपला राजा नुसतं हाड चघळत बसला. सांगणार काय? कुणीच देत नव्हतं. वानरं झाडावरून राखण करत होती. हरिणी पाडसं सांभाळत होत्या. बिबट्या राजाच्या मुदपाकखान्यासाठी शिकार आणत होता. एकाच दरबारात पाडसं सांभाळणारीही नोकरीला आणि पाडसं मारणाराही. हे तुम्हाला विचित्र वाटत असेल तर तुम्ही अजून नोकरी केलेली नाही.

ही सगळी जनावरं आपापल्या आईकडून काम शिकलेली. आता आईकडून शिकलेलं मोजता येतं का? नाही ना. मग ते शिक्षण कसलं.

राजाने पोपटसरांना बोलावलं. पोपटसरांनी जन्मात कुठलंच काम केलं नव्हतं, त्यामुळे त्यांना सगळ्याच कामांवर बोलता येत असे.

"महाराज, लांबलचक शिकवणी आता कुणाला झेपत नाही," पोपटसर म्हणाले. "आपण चिमूटभर धडे देऊ. तोंडातलं जांभूळ चघळून होईपर्यंत धडा संपला पाहिजे."

"आणि ते शिकले हे मला कसं कळणार?"

"शिकले का, हे कशाला कळायला हवं? पाहिलं का, एवढं कळलं की झालं."

राजाला हे फार सोपं वाटलं, म्हणजेच पटलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकासमोर एक छोटा पोपट आणि शेजारी एक सरडा. पोपट धडा म्हणणार. ज्याचा धडा असेल त्याने पोपटाकडे बघायचं. शेवटपर्यंत बघितलं की सरडा हिरवा. मध्येच नजर हलली की सरडा लाल आणि पोपट पुन्हा पहिल्यापासून. ज्याचा सरडा लाल, त्याचं काम बंद. संध्याकाळी सगळे सरडे गुहेसमोरच्या खडकावर ओळीने बसायचे आणि राजा एक नजर टाकायचा. पालेभाजी त्याने कधी तोंडात घातली नव्हती, पण हिरवा रंग त्याला भारी आवडू लागला.

मुंग्यांना धडा आला, 'ओळीत कसे चालावे'. तो संपेपर्यंत ओळ थांबली. घुबडाला आला, 'रात्री जागे कसे राहावे'. तो त्याने भर दुपारी, उघड्या डोळ्यांनी झोपून पूर्ण केला. सरडा हिरवागार.

फक्त एका हरिणीचं जमेना. तिचं नाव ठिपकी. कळपातली सगळी पाडसं पाणवठ्यावर नेऊन आणायची, हे तिचं काम. त्यात तिचं स्वतःचंही एक होतं, काडीसारख्या पायांचं. आणि तिचा धडा होता, 'मुलांवर सतत लक्ष कसे ठेवावे'.

पोपट म्हणाला, "धडा पहिला. मुलांवरून नजर हटवू नये."

ठिपकीने पटकन मुलांकडे बघितलं.

"इकडे बघा," पोपट म्हणाला. "धडा पहिला."

"अरे, पण तू आत्ताच म्हणालास ना?"

"म्हणालो. ते इकडे बघून ऐकायचं."

ती बघायची. मग मागे पाचोळा वाजायचा. एखादं पाडस शिंकायचं. तिची मान आपोआप वळायची. सरडा लाल. काम बंद म्हणून पाडसांचं पाणी बंद. उन्हाळ्याचे दिवस. पाडसं काठावर उभी राहून पाण्याकडे बघायची, पण बाईंचा सरडा हिरवा झाल्याशिवाय तोंड लावायचं नाही असा नियम.

ठिपकीची नणंद तणतणत आली. "वहिनी, तुझ्यापायी सगळ्या कळपाची पोरं तहानलीयत. एवढंसं बघायला काय जातं ग तुझं?"

"मागे लक्ष राहत नाही, वन्सं."

"तुझंच पोर काय सोन्याचं आहे? आमचीही फिरतात इकडे तिकडे. झालं का कधी काही?"

काही झालं नव्हतं, कारण ठिपकी बघत होती. पण असं बोललं की माणूस आगाऊ दिसतं, म्हणून ती आपल्या पाडसाकडे वळली. ते ओला चिखल चाटत होतं. ते तिला बघवेना. तिने ठरवलं, आज काय वाट्टेल ते होवो, मान वळवायची नाही.

पण आधी तिने वर झाडावर हाक दिली. तिथे गोदाक्का नावाची वानरीण राखणीला होती.

"अक्का, पाहिलंस का?"

या जंगलात हा प्रश्न पणजीच्या पणजीपासून चालत आलेला. त्याचा अर्थ एकच, पलीकडचं गवत नीट पाहिलंस का.

"पाहिलं," गोदाक्का म्हणाली.

"नीट?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत. पापणी लवू दिली नाही ग बाई."

आणि तिने आपला सरडा वर करून दाखवला. हिरवाकंच. गोदाक्काचा धडा होता, 'धोका लांबून कसा ओळखावा'. तो पुन्हा पुन्हा पहिल्यापासून पाहण्यात सकाळ गेली, त्यामुळे गवताकडे बघायचं राहून गेलं होतं. खोटं काही ती बोलली नाही. तिला विचारलं पाहिलं का, तिने पाहिलं होतं.

ठिपकीने पाडसांना काठावर बसवलं, गवताकडे पाठ केली आणि पोपटाकडे डोळे लावले.

गवतात कोण होतं, ते तुम्ही ओळखलंच. बिबट्या. पण त्याचंही तेच दुखणं. त्याचा धडा होता, 'भक्ष्यावर नजर कशी ठेवावी'. बिचारा भक्ष्याकडे बघितलं की नापास व्हायचा. कित्येक दिवस त्याचा सरडा लाल आणि शिकार बंद. राजासाठी शेजारच्या जंगलातून मांस मागवावं लागत होतं, पण खडकावर हिरवे सरडे वाढत होते, म्हणून राजा खूश होता.

आज बिबट्यानेही ठरवलं होतं, मान वळवायची नाही.

म्हणजे बघा, इकडे आईची पाठ पाडसांकडे. मध्ये पाडसं. पलीकडे बिबट्या, पोपटाकडे भक्तिभावाने बघत. दोन पोपट दोन धडे म्हणतायत. ज्याचा आधी संपेल, त्याचं काम आधी सुरू.

ठिपकीचा पोपट म्हणाला, "आणि शेवटी लक्षात ठेवा."

तेवढ्यात तिच्या पाडसाला ठसका लागला. वळली तिची मान.

गवताच्या वर तिला एक पोपट दिसला. पोपटामागे दोन पिवळे डोळे. आणि त्या डोळ्यांच्या शेजारी एक सरडा, शेपटीपासून हळूहळू हिरवा होत मानेपर्यंत आलेला.

ती अशी ओरडली की बिबट्याने दचकून तिच्याकडे बघितलं. सरडा लाल. पाडसं पसार झाली. बिबट्याला धावता आलं असतं, पण नोकरीचा प्रश्न होता.

"ताई, सगळी मेहनत पाण्यात घातलीत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघांना दरबारात उभं केलं. गोदाक्काला कुणी काही विचारलं नाही. तिचा सरडा हिरवा होता.

"महाराज, अख्खं जंगल हिरवं आहे," पोपटसर म्हणाले. "या दोघांमुळे शंभर टक्के होत नाहीत."

"महाराज, गवतात बिबट्या होता," ठिपकी म्हणाली.

"तो तिथे धडा पाहत होता, बाई," पोपटसर म्हणाले. "तुम्हीच त्याचं लक्ष उडवलंत."

राजाने निकाल दिला. दोघांनी गुहेसमोरच्या झाडाखाली शेजारी शेजारी बसायचं. दोघांत एकच पोपट, तेवढाच खर्च कमी. दोघांचे सरडे एकदम हिरवे होईपर्यंत कुणी उठायचं नाही. ठिपकीचं काम नणंदेकडे गेलं. तिने जांभूळ चघळून व्हायच्या आत हिरवा सरडा मिळवला आणि पाडसं पाण्यावर गेली.

झाडाखाली पोपट सुरू झाला.

बिबट्या हळूच म्हणाला, "ताई, एकदाचं नीट बघून मोकळे होऊ. घरी माझी पोरं वाट बघतायत."

"काय खातात तुमची पोरं, दादा?"

बिबट्याने आभाळाकडे बघितलं. पोपट पुन्हा पहिल्यापासून.

"बरं, सरडे हिरवे झाले की तुम्ही कुठे जाणार?" तिने विचारलं.

"कामावर. पाणवठ्याकडे. आणखी कुठे?"

ठिपकीने मान वळवली आणि थेट बिबट्याच्या तोंडाकडे बघत बसली. पोपट म्हणाला, इकडे बघा. तिने बघितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पावसाळा आला, तरी नाही. बिबट्या आधी चिडला, मग रडकुंडीला आला, मग त्याला ट्रेनिंगमधलं जेवण मिळू लागलं आणि पोरांचा डबा घरी जाऊ लागला, तेव्हा त्याची फारशी तक्रार राहिली नाही.

वर्ष सरलं. पोपटसरांनी रिपोर्ट वाचला. चिमूटभर धडे सुरू झाल्यापासून पाणवठ्यावर एकही पाडस दगावलं नव्हतं. राजाने पोपटसरांच्या गळ्यात हार घातला. शेजारचा सिंह ही पद्धत शिकायला मुद्दाम येऊन गेला. झाडाखाली दोन नापास बसले होते, त्यांच्याकडे बोट दाखवून पोपटसर म्हणाले, "काही जण शेवटपर्यंत सुधारत नाहीत."

एके दिवशी ठिपकीचं पाडस तिला भेटायला आलं. त्याला नवीकोरी शिंगं फुटली होती.

"आई, बघ ना," ते म्हणालं.

सरडा लाल असताना शिकार करायची नाही, असा नियम होता. पण पाडस बिबट्याच्या पंज्याइतकं जवळ उभं होतं, आणि नियम बिबट्याच्या पोटाला वाचता येत नव्हता.

"छान आहेत हो," ठिपकी म्हणाली. तिने बघितलं नाही. तिची नजर बिबट्यावर होती.

तात्पर्य: ट्रेनिंगमुळे जीव वाचतात, हे अगदी खरं आहे. फक्त कुणीतरी ते पूर्ण होऊ देता कामा नये.