न फुगलेल्या केकचा तपास

माझ्याबद्दल मीच चांगलं बोलावं हे बरं दिसत नाही, पण दुसरं कोणी बोलायचं नावच घेत नाही, म्हणून माझा नाइलाज आहे. मी डिटेक्टिव्ह आहे. पोटापाण्यासाठी बस डेपोच्या 'हरवले-सापडले' खिडकीवर बसतो, ती गोष्ट वेगळी. बावीस वर्षांत त्या खिडकीवरून मी तीनशेच्या वर छत्र्या, एक कवळी आणि एक शिलाई मशीन ज्याचं त्याला परत दिलं आहे. कवळीवाल्याला तर त्याने तोंड उघडायच्या आत ओळखलं होतं. माझी नजर फार तीक्ष्ण आहे, असं मी एकदा जेवताना म्हणालो, तर आई म्हणाली, "मग समोरचं मीठ का दिसत नाही रे तुला?" मोठ्या माणसाला घरात किंमत नसते, हे मी तेव्हाच ओळखलं.

तर, ईस्टरच्या रविवारची गोष्ट. त्या दुपारी चार वाजता आमच्याकडे सगळ्या घराचा चहा असतो, आणि चहाबरोबर आईचा केक. पस्तीस वर्षं तो केक आईनेच केला. यंदा ती बाथरूममध्ये घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. तिने आपलं केकचं भांडं, डाव्या हाताने, माझ्या बायकोपुढे सरकवलं आणि म्हणाली, "घे. तूच कर आता."

लग्नाला अकरा वर्षं झाली आमच्या. अकरा वर्षं हिने त्या स्वयंपाकघरात अंडी फेटली, लोणी वितळवलं, भांडी घासली. पण भांड्यात मिश्रण ओतायला आईने कधी दिलं नव्हतं.  शनिवारी हिने ते भांडं दोनदा धुतलं आणि दोनदा पुसलं, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

आणि लगेच माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा फोन. "तू कर गं केक, हौसेने कर. मी आपला एक करून आणते. असू दे. वेळेला उपयोगी पडतो."

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "ऐकलंत? वेळेला म्हणे. त्यांचा केकचा डबा उद्या उघडला ना, तर पुढच्या वर्षी भांडं त्यांच्या घरी जाईल. आणि मी जन्मभर अंडीच फेटत बसेन."

रविवारी सकाळी दहाला पहिला केक ओव्हनमधून बाहेर आला. म्हणजे आला, पण वर नाही आला. भांड्याच्या तळाशी चपलेच्या तळव्याएवढा जाड पसरला होता. बाराला दुसरा. तोही तसाच, अंगाने जरा आणखी बारीक. डझनभर अंडी आणली होती. एका केकला चार. उरली चार. दुकानं बंद. हिने ओढणीने कपाळ पुसलं आणि पहिल्यांदाच आपणहून मला हाक मारली. "अहो, काय चुकतंय? सगळं आईंच्या मापाने घेतलंय हो मी."

"तुझं काही चुकत नाहीये," मी बाह्या सरसावत म्हणालो. "हा घातपात आहे."

"आता चार वाजेपर्यंत हे ऐकायचं," आई खुर्चीतून म्हणाली.

मी डेपोतून आणलेलं भिंग काढलं (सहा वर्षं कोणी न्यायला आलं नाही, त्यामुळे ते आता खात्याच्या सेवेत आहे) आणि हिला सहायक नेमलं. सहायकाने सांगितलं की तिला काम आहे. मी तरीही तपास सुरू केला.

पहिला संशय अर्थातच ताईवर. हेतू आहे, स्वभाव आहे. "पण त्या सकाळपासून त्यांच्या घरी आहेत," सहायक म्हणाली. "तीन वेळा फोन आला लँडलाइनवरून."

"तीन वेळा! निरपराध माणूस इतक्या वेळा घरी असतो का?"

दुसरा संशय अंड्यांवर. उरलेल्या चारांतलं एक मी दिव्यापुढे धरून आरपार बघत होतो, तेवढ्यात हिने ते माझ्या हातातून असं काढून घेतलं, की पाळण्यातलं मूलसुद्धा कोणी इतक्या जपून उचलत नसेल. "ही चार फुटली ना, तर मी तुम्हाला ओव्हनमध्ये घालीन," ती म्हणाली. धमकीची मी नोंद केली. ओव्हनची उष्णता मोजायला म्हणून मी ताप बघायचा थर्मामीटर आणला, तोही जप्त झाला.

तिसरा सिद्धांत फार सुंदर होता. केक फुगताना हादरा बसला तर खाली बसतो, आणि आमच्या डोक्यावर राहतात एक निवृत्त पोस्टमन. जन्मभर चाललेला माणूस; पाय स्वस्थ बसतील का? मी जिना चढून गेलो आणि दार उघडताच विचारलं, "दहा ते बारा आपण कुठे चालत होतात?"

पोस्टमनांचे दोन्ही पाय गरम पाण्याच्या बादलीत होते. दार त्यांच्या बायकोने उघडलं होतं. "चालतोय कसला," ते आतून ओरडले. "परवापासून घोटा सुजलाय. तुमच्याकडे केक झाला का? आज वास नेहमीसारखा नाही आला."

वासावरून गुन्ह्याला दुजोरा मिळाला, एवढं घेऊन मी खाली आलो. दोन वाजत आले होते. ही ओट्याला टेकून उभी होती. समोर मैदा चाळून ठेवला होता, साखर मोजून ठेवली होती, पण अंड्यांना हात लावायची तिची हिंमत होत नव्हती. "हीसुद्धा फुकट गेली तर?" ती आईला म्हणाली. "माझ्या हातालाच काही झालंय का हो, आई?" आई नुसती त्या चार अंड्यांकडे बघत राहिली. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि खोटं बोलायची तिला सवय नाही.

मला ते बघवेना. म्हणून मी माझं शेवटचं अस्त्र काढलं. बोटांचे ठसे! ओव्हनच्या मुठीला आज ज्याने ज्याने हात लावला, तो तो उघडा पडणार होता. मी खिशातून मिरपुडीची जुनी बाटली काढली आणि पांढरी पावडर मुठीवर भुरभुरवली. तिसऱ्या केकसाठी ओव्हन तापत ठेवला होता, म्हणून मूठ गरम होती आणि हिने नुकतीच ओल्या फडक्याने पुसली होती. पावडर पडताच फस्स झालं आणि मुठीवर बारीक बुडबुडे उसळले.

"आम्ल!" मी ओरडलो. "मुठीला कोणीतरी आम्ल फासलंय! मागे व्हा सगळे!"

कोणी मागे झालं नाही. आई मात्र खुर्चीतून उठली, मुठीजवळ आली आणि वाकून बघितलं. मग तिने माझ्या हातातल्या बाटलीकडे बघितलं.

"ही पावडर कुठली?"

"ठसे घ्यायची."

"विकत आणलीस?"

"छे! घरचीच."

"घरची म्हणजे कसली?"

"गुरुवारी जॅमच्या बरणीत कोणी बोट घातलं ते शोधायचं होतं ना? आधी मैदा वापरून बघितला, पण त्याच्या गुठळ्या होतात. मग ही बेकिंग पावडर घेतली. काय छान पसरते! ते ठसे माझेच निघाले, तो भाग सोड."

"आणि डब्यात काय राहिलं?"

"डबा रिकामा दिसला असता तर घरात संशय पसरला असता. म्हणून जेवढी पावडर काढली तेवढाच मैदा त्यात भरला. अगदी मोजून. चमचाभरसुद्धा इकडचा तिकडे..."

इथे मी थांबलो. तसं थोडं आधी थांबायला हवं होतं.

हिने ओट्यावरचा बेकिंग पावडरचा डबा उघडला, त्यातला चमचाभर गरम पाण्यात टाकला. पाणी नुसतं गढूळ झालं. मग माझ्या बाटलीतली चिमूट टाकली. पाणी कसं हसत वर आलं! ती त्या भांड्याकडे बघतच राहिली. मला वाटलं आता ओव्हनमध्ये जायची वेळ आली. पण तिने नुसता एक लांब श्वास सोडला आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या हाताला काही झालेलं नाही."

"काही झालेलं नाही," आई म्हणाली. "अक्कल याची गहाण पडलीय. फोड अंडी."

बाटलीत बरोबर दोन चमचे पावडर निघाली. केक ओव्हनमध्ये गेल्यावर मी हळूच हिच्या जवळ गेलो. "ताईला सांगू नकोस हं. ती मला मरेपर्यंत चिडवेल. डेपोतसुद्धा सांगेल." लाज वाटत होती मला, पण अब्रूचीही काळजी होतीच.

"नाही सांगत," ही म्हणाली.

ताई साडेतीनलाच आली. हातात सुतळीने बांधलेला डबा, मागे थर्मास धरलेले भाऊजी. आल्या आल्या तिची नजर ओट्यावरच्या दोन चपट्या केकांवर पडली, आणि ते लपवण्याइतकं शहाणपण आमच्यापैकी कोणालाही सुचलं नव्हतं.

"अगं बाई! दोन-दोन?" ताईने डबा टेबलाच्या मधोमध ठेवला. "मी म्हणतच होते. वाईट वाटून घेऊ नकोस हं, पण केकला हात लागतो. तो एकेकाच्या हातात नसतोच. आई, माझाच कापू या ना."

ही सिंककडे तोंड करून उभी होती आणि एक स्वच्छ भांडं पुन्हा धूत होती. एका वाक्यात ती सुटली असती. 'तुमच्या भावाने मैदा भरला होता,' बस, एवढंच.  आईने फक्त माझ्याकडे बघितलं. मी वाट बघितली. ही बोललीच नाही. मला शब्द दिला होता ना तिने. तिचे कान लाल झाले होते आणि भांडं धुणं चालूच होतं.

 मी टेबलापाशी गेलो आणि खाकरलो.

"ताई, डब्याची सुतळी सोडू नकोस. आज इथे गुन्हा घडला आहे आणि गुन्हेगार माझ्या ताब्यात आहे."

"कोण?"

"मी."

आणि मी सगळं सांगितलं. जॅम, मैदा, मिरपुडीची बाटली, पोस्टमनांचा घोटा, काही म्हणजे काही ठेवलं नाही. ताई इतकी हसली की खुर्चीत बसावं लागलं. भाऊजींना थर्मास खाली ठेवावा लागला. "म्हणजे सकाळपासून तू स्वतःलाच शोधत होतास? आणि तरी सापडला नाहीस?" ती डोळे पुसत म्हणाली. मग थोडी शांत झाली आणि सिंककडे वळून म्हणाली, "चुकलं गं माझं. उगाच बोलले."

तेवढ्यात ओव्हनची घंटी वाजली. हिने हात पुसले, फडकं घेतलं, दार उघडलं. केक भांड्याच्या काठावर बोटभर आला होता. एका बाजूला जरा कलला होता आणि वर एक भेग होती, पण आला होता. आईने डाव्या हाताने सुरी उचलली आणि हिच्या हातात दिली. ताईने आपला डबा कोणी न सांगता टेबलावरून उचलून खाली पायाशी ठेवला.

हिने पहिला तुकडा कापला. चांगला मोठा, मधला, भेगेचा. मला वाटलं आईला जाणार. तो माझ्या बशीत पडला.

"आरोपीला?" ताई ओरडली. "आधी आरोपीला?"

"हो," ही म्हणाली, आणि माझ्यासमोर चमचा ठेवताना हळूच, फक्त मलाच ऐकू येईल असं बोलली, "तुम्ही बोलला नसतात ना, तर सकाळचे ते दोन्ही केक तुम्हालाच संपवायला लावणार होते."