मामाजींच्या सिगारी

माझे सासरे सिगार पेटवण्याआधी ती कानाशी धरून ऐकत.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या घरचे मला पाहायला आले तेव्हा. सिंदी रेल्वे या माझ्या माहेरगावी आमच्या बैठकीत सगळे पोहे खात होते. मी रीतीप्रमाणे मान खाली घालून बसले होते, पण मान खाली असली तरी डोळे कुठे ऐकतात! होणाऱ्या सासऱ्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पत्र्याची एक लांबट नळी काढली. नळीतून अंगठ्याएवढी जाड, तपकिरी वस्तू निघाली. ती त्यांनी कानाशी नेली, दोन बोटांनी हलकेच दाबली, डोळे मिटले आणि म्हणाले, "ठीक हाय." मग वस्तू परत नळीत आणि नळी खिशात.

माझे वडील शाळामास्तर. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस. त्यांचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबला.

"मास्तर, घाबरू नोका," सासरे म्हणाले. "दुसऱ्याच्या घरी ओढत नसतो मी. फक्त पाहून घेतलं. गाडीत गरम हवा लागते, वाळली तं नाई म्हणून."

पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, "त्यांना ऐकायला कमी येतं वाटतं. कानाचं यंत्र असेल ते." वडिलांनी तिला सांगितलं की ते यंत्र नव्हे, सिगार होती. आई मटकन खाली बसली. विडी तिला माहीत होती, चिलीम माहीत होती, तंबाखू-चुना तर आमच्या गावात भाताइतकाच नेहमीचा. पण सिगार? सिगार सिनेमातले खलनायक ओढतात. "म्हणजे पोरगी खलनायकाच्या घरी द्यायची?" तिनं विचारलं.

वडिलांनी चौकशी केली. बळवंतराव नावाचा हा माणूस रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेला, मूळ शेतकरी घरचा, वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला स्वतःचं छोटं घर, मुलगा नोकरीला. कोणाच्या अध्यात ना मध्यात. सिगारीपलीकडे नावं ठेवायला जागा नाही. लग्न झालं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणू लागले आणि सासूबाईंना आत्याबाई. आमच्याकडे तीच पद्धत. आणि मग धक्क्यांना सुरुवात झाली.

पहिला धक्का म्हणजे हा माणूस सिगार रोज ओढत नसे. आठवड्यातून एक, रविवारी जेवण झाल्यावर, ओट्यावरच्या लाकडी खुर्चीत. ओढायला तास लागे. पार्सल ऑफिसात त्यांच्यासोबत नायडूसाहेब म्हणून कोणी त्रिचीकडचे होते, त्यांनी ही विद्या शिकवली. ते बदली होऊन गेले, तरी वर्षातून दोनदा मद्रासकडून येणाऱ्या ओळखीच्या गार्डाच्या हातून एक खोका न चुकता येई. खोका उतरवून घ्यायला मामाजी इस्त्रीचा सदरा घालून स्टेशनवर जात. माझ्या माहेरून पाहुणे आले तेव्हा मात्र ते बनियनवरच भेटले होते.

ओढण्याचे नियम ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. "धूर गिळाचा नसते. तोंडात खेळवाचा आणि जाऊ द्याचा." "राख झटकाची नाई. तिची तिले पडू द्याची." "चिरडून विझवाची नाई. ठेवून द्याची, आपली आपण विझते." समोरचे पोस्टमन एकदा म्हणाले, "बळवंतराव, अख्खा जिल्हा दारूबंदीचा, अन् तुम्ही असे खुल्लमखुल्ला धूर काढून राह्यले!" मामाजी शांतपणे म्हणाले, "दारूची बंदी हाय. धुराची कोनं केली?"

पण ओढणं परवडलं. सांभाळणं ऐकाल तर थक्क व्हाल.

आमच्या घराच्या उत्तरेला एक खोली होती. भिंती दुहेरी, मातीच्या, हातभर जाड. वर कवेलू, म्हणजे कौलं, त्याखाली बांबूचा तट्ट्या आणि तट्ट्यावर मातीचा थर. एकच लहान खिडकी, तिला वाळ्याची ताटी. उन्हाळा लागला की मामाजी सकाळ-दुपार विहिरीचं पाणी ओढून ती ताटी भिजवत. वर्ध्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल तर सांगायला नको, आणि ठाऊक नसेल तर सांगून पटायचं नाही. पितळेच्या कडीला हात लावला तर फोड येतो. तशा दुपारी, लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात, मी सहज त्या खोलीचं दार ढकललं. आतून अशी गार, ओली, वाळ्याच्या वासाची झुळूक आली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोलीत पलंग नाही, चटई नाही. मधोमध चौरंगावर एक देवदाराची पेटी.

"सूनबाई, दार लावा!" मागून मामाजी. "जिवंत माल हाय आत!"

पार्सल ऑफिसात कोंबड्या, बकऱ्या, पोपटांच्या पिंजऱ्यांवर जो शिक्का मारत, तो शब्द ते सिगारींना वापरत.

म्हणजे बाहेर आम्ही चार माणसं भाजून निघत होतो आणि घरातली एकमेव थंड खोली तंबाखूला दिलेली होती! मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "ते बाबांचं आहे. त्यात कोणी पडत नाही." नवऱ्याचं हे उत्तर ऐकून मला जास्त धक्का बसला.

मामाजींनी मला पेटी उघडून दाखवली, बहुधा माझी नाराजी पाहून. आत सिगारी ओळीनं झोपलेल्या. कोपऱ्यात एका परळात ओला विटेचा तुकडा. पाणी उकळून गार केलेलं, नाहीतर बुरशी धरते. दर आठवड्याला प्रत्येक सिगारीची कूस बदलायची. शेजारी लोणचं नको, डांबराच्या गोळ्या नकोत, उदबत्ती नको, कारण तंबाखू दुसऱ्याचा वास उचलते. "उन्हाळ्यात वाळून कुरकुरली तं मेली. पावसाळ्यात फुगली तं कीड लागली. दाबली तं आवाज नाई आला पाह्यजे, बस." आणि आत ओलावा बरोबर आहे की नाही हे कळावं म्हणून पेटीच्या झाकणाला दोऱ्यानं काहीतरी टांगलं होतं. मी वाकून पाहिलं.

तो साबुदाण्याचा पापड होता.

"तुटला तं हवा कोरडी. लोळला तं ओली. हळूच वाकला तं ब्येस," मामाजी म्हणाले. "उडदाचा नाई चालत, हिंगाचा वास लागते."

मागे आत्याबाई उभ्या होत्या. "एकादशीचे पापड!" त्या एवढंच म्हणाल्या. त्यांनी तो पापड इतकी वर्षं पाहिला नव्हता. त्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाक झाला, पण वाढताना भांडी जरा जोरात आपटली.

आर्वीच्या दौलतदादांची गोष्ट तर आमच्या नात्यात अजून सांगतात. दादा म्हणजे मामाजींचे थोरले भाऊ, वडिलांच्या जागी. एका लग्नासाठी ऐन उन्हात ते एसटीनं आले. घामानं निथळत होते, गुडघ्यांना कसलंसं झणझणीत मलम चोपडलेलं. म्हणाले, "बळवंता, त्या गार खोलीत घटकाभर पडतो."

मामाजी म्हणाले, "नाई दादा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"काऊन?"

"तुमच्या मलमाचा वास हाय. माल खराब होते."

"मी तुझा भाऊ हावो का कोन हावो?"

"भाऊच हाव. म्हणून सांगतो, मी तुमाले इथं वारा घालतो, पाय चेपून देतो. आत नोका जाऊ."

आणि त्यांनी खरोखर दुपारभर हातपंख्यानं दादांना वारा घातला, मनगट दुखेपर्यंत. पण दार उघडलं नाही. दादा चहाही न घेता संध्याकाळच्या आर्वी गाडीनं परत गेले. जाताना मला म्हणाले, "बाई, तुहा सासरा सख्ख्या भावापेक्षा विडीले जास्त मानते." मनातून मला ते पटलं होतं.

त्यानंतरच्या वर्षी मला दिवस गेले. बाळंतपणाला सिंदीला जायचं ठरलं होतं, पण आठवा महिना सरता सरताच पोटात कळा आल्या. वर्ध्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. लहानशी, हातात मावेल एवढी. घरी आणलं तेव्हा वैशाख पेटला होता.

आमची खोली पुढच्या बाजूची, वर टिनाचे पत्रे. पंखा होता, पण तो गरम हवाच फिरवायचा, आणि दुपारी वीज गेली की तेवढंही नाही. एका दुपारी हे कामावर होते. मुलगी सकाळपासून किरकिरत होती, मग गप्प झाली. मला वाटलं, बरं झालं, झोपली. दूध पाजायला उचललं तर मान लुळी. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ कोरडे, तोंडात धरेना. मी किंचाळले.

मामाजी माझ्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. उंबऱ्याबाहेरून खाकरत आणि बोलत. त्या दिवशी ते सरळ आत आले, माझ्या हातून मुलीला घेतलं आणि चालायला लागले. मी अनवाणी मागे. अंगण तापलेलं, पाय भाजले तेही नंतर कळलं. त्यांनी खांद्यानं उत्तरेच्या खोलीचं दार ढकललं, मुलीला मागून धावत आलेल्या आत्याबाईंकडे दिलं आणि दोन्ही हातांनी ती देवदाराची पेटी उचलून बाहेर उन्हात ठेवली. ठेवली म्हणते मी, पण ती जवळजवळ फेकलीच होती. झाकण उघडं पडलं. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"ओलं फडकं करा. कपाळावर नाई, सगळ्या अंगाले. थेंब थेंब दूध घाला, बोंडल्यानं," ते म्हणाले, आणि ताटीवर पाण्याची बादली रिकामी केली.

गल्लीच्या टोकाला डॉक्टर राहत. ते आले, तपासलं, बराच वेळ नाडी धरून बसले. मुलगी अखेर रडली. तो आवाज ऐकून डॉक्टर म्हणाले, "टिनाखाली आणखी थोडी राहिली असती तर कठीण होतं. आता हिला इथून हलवू नका."

मामाजी दारात उभे होते. हे ऐकताच ते रिकामी बादली उचलून विहिरीकडे धावले.

पेटी दिवसभर उन्हात पडून होती. संध्याकाळी मी सिगारी गोळा करायला गेले. साली तडकलेल्या, हात लावताच भुगा. नायडूसाहेबांचा अख्खा खोका. मी ओंजळीत भुगा घेऊन म्हणाले, "मामाजी, हे सगळं..."

"झाडून टाका," ते म्हणाले.

माझा पलंग त्या खोलीत आला. उन्हाळाभर आम्ही मायलेकी तिथं राहिलो आणि मामाजी बाहेर, खिडकीखाली, बादली आणि तांब्या घेऊन. ताटी सुकू द्यायची नाही हे त्यांचं काम. आत्याबाई म्हणत, "जरा आडवे व्हा," तर ते ऐकत नसत. सिगारीचं नाव त्यांनी काढलं नाही.

एके दिवशी आत्याबाई माझ्या मुलीला तेल लावत होत्या. मी सहज म्हणाले, "माझ्यामुळे मामाजींची सिगारीची खोली गेली."

आत्याबाईंचा हात थांबला. "थे खोली सिगारीसाठी बांधली असं वाटते तुले?"

मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

"सुधाकराच्या आधी मले पोरगी झाल्ती," त्या म्हणाल्या. "असाच वैशाख होता. तवा हे घर नवं होतं, वर टिनं. हे ड्युटीवर गेलते. संध्याकाळी आले तं पोरगी नाई." त्यांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. "त्या पावसाळ्यात ह्यायनं माती तुडवून, एकट्यानं हे खोली बांधली. ऑफिसातून याचे अन् भिंत घालाचे. सुधाकर ह्या खोलीत वाढला. तो मोठा झाला, पुढच्या खोलीत झोपाले लागला, तं हे खोली रिकामी झाली. रिकामी पाहवे नाई त्यायले. मग थे नायडूची पेटी आणून ठेवली. सिगारी तं मागून आल्या, बाई."

सुधाकर म्हणजे आमचे हे. संध्याकाळी त्यांना विचारलं. आपल्याला बहीण होती हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. ते कितीतरी वेळ हातातला चपलेचा जोड खाली ठेवायचं विसरून तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झोपली तेव्हा मी बाहेर गेले. डोक्याला पंचा गुंडाळून मामाजी खिडकीखाली बसले होते. मी त्यांना गूळ-पाणी दिलं. ते प्यायले. मी खूप धीर करून विचारलं, "मामाजी, तिचं नाव काय होतं?"

त्यांनी तांब्या भरला, ताटीवर ओतला. पाणी वाळ्यातून झिरपत खाली आलं.

"ठेवलंच नोतं," ते म्हणाले. "म्हटलं, घाई काय हाय. उन्हाळा सरू दे, पाहुणे येतीन, मोठं बारसं करू." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुम्ही हिचं लौकर ठेवा."

आम्ही पंचांग पाहिलं नाही, सिंदीहून आई-वडील येण्याची वाटही पाहिली नाही. दुसऱ्याच सकाळी त्या खोलीत बारसं केलं. शेजारच्या दोन बायका आणि आम्ही घरचे, बस. आत्याबाईंनी कानात नाव सांगितलं, सुमन. मामाजी उंबऱ्याबाहेरच उभे होते. मी म्हणाले, "आत या ना."

ते आत आले, पाळण्यापाशी वाकले आणि म्हणाले, "सुमन." मग जरा मोठ्यानं, "सुमन." बायका हसल्या. तिला काही ऐकू गेलं असेल-नसेल, ती झोपेत होती. तरी मामाजी पुन्हा पुन्हा ते नाव घेत राहिले, आणि आम्हाला कोणाला त्यांना थांबवावंसं वाटलं नाही.