कांबळे सरांचे चिनी जोडीदार

सकाळी प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी आमचे चित्रकलेचे कांबळे सर मला चीनची खुशाली सांगतात.

"म्याडम, आपल्या थोरल्या-धाकट्याचं प्रदर्शन लागायलंय. लंडनला. दोघंबी गेलेत."

थोरला-धाकटा म्हणजे चीनमधले दोन सख्खे भाऊ. लहानपणापासून एकत्र चित्रं काढतात. मी सोनपेठच्या ज्या शाळेची मुख्याध्यापिका आहे, तिचा आणि त्यांचा काडीचा संबंध नाही. तरी त्यांचं सगळं मला पाठ आहे. बीजिंगच्या कलावंत नवरा-बायकोचं पाठ आहे. प्रदर्शनात हलती यंत्रं मांडणाऱ्या दोघांचंही आहे. ती चिनी नावं सरांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून सगळ्यांना त्यांनी घरगुती नावं देऊन टाकली आहेत. चिनी मजकूर ते मोबाइलवर मराठीत करून वाचतात. त्या मराठीत धाकटा कधीकधी 'उकडलेला यशस्वी' असतो, पण सरांचं अडत नाही.

आमच्या शिपाई शेवंताबाईंना बरेच दिवस ही सरांची सासुरवाडी वाटत होती. "पावन्यांचं बरं हाय का?" असं त्या मनापासून विचारायच्या. सरही मनापासून सांगायचे.

एकट्यानं काम करणाऱ्या कलावंतात सरांना रस नाही. कितीही सुंदर चित्र दाखवा, ते मान डोलावतात आणि विचारतात, "चांगलं हाय. दुसरा कोण?" दुसरा कोणी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा असा होतो, जणू त्या चित्रकाराच्या घरी काही वाईट घडलंय. माझ्या मुलीनं काढलेलं चित्र मी एकदा कौतुकानं दाखवलं.

"दुसरा कोण?"

"कोणी नाही सर. ती एकटीच काढते."

"लेकराला मैत्रीण न्हाई का एखादी?" ते हळहळून म्हणाले.

वर्गात तर कागद दोघांत एकच. एकीनं खोड काढायचं, दुसरीनं पानं. एक पालक तावातावानं माझ्याकडे आले. "माझ्या पोरीनं खोड काढलंय, पानं त्या दुसरीची हायत. मग मार्क कुणाला?" मी सरांना बोलावलं. सर शांतपणे म्हणाले, "झाडाला." पालक परत माझ्याकडे वळले. मी दोघींना सारखे मार्क द्यायला सांगितलं आणि पुढचं काम हातात घेतलं. शाळा चालवायची तर प्रत्येक गोष्टीत तत्त्व शोधत बसता येत नाही.

एकदा सरांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण लिहिलं होतं, 'घरगुती'. मी विचारलं, घरी सगळं ठीक ना? तर चीनमधल्या तिघा मित्रांचा एक गट फुटला होता. वर्षानुवर्षं एकत्र काम केलं, आणि आता तिघं तीन दिशांना. "कोणी समजावलंबी न्हाई त्यांना," सर म्हणाले. मी रजा मंजूर केली. असा माणूस वर्गात बसून तरी काय शिकवणार होता?

यंदा सर निवृत्त होणार. रस्त्याकडच्या मोठ्या भिंतीवर त्यांनी परभणी जिल्ह्याचा नकाशा रंगवावा, असं मी सुचवलं. सर खूश झाले. भिंत घासली, पांढरा हात मारला आणि थांबले. आठवडा गेला. दुसरा गेला. भिंत तशीच पांढरी.

"काय अडलंय, सर?"

"दोरी धरायला माणूस न्हाई."

पाटी रंगवणारे सरळ रेघ पाडायला निळीत बुडवलेली दोरी ताणून धरतात आणि मधोमध टिचकी मारतात. दोरीला दोन टोकं, म्हणून माणसं दोन. मी पदर खोचून एक टोक धरलं. पंधरा मिनिटांत सगळ्या चौकटी पडल्या. तरीही दुसऱ्या दिवशी ब्रश कोरडाच.

शेवटी शेवंताबाईंनी खरं सांगितलं. "रौफभाई येईना म्हनून बसलेत ते."

रौफभाई म्हणजे रौफ पेंटर. सर नोकरीला लागायच्या आधी दोघांनी मिळून सोनपेठपासून पालमपर्यंतच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. नोकरी लागल्यावरही सुट्टीतलं प्रत्येक काम दोघांनी केलं. मग फ्लेक्स आले आणि पाट्या संपल्या. पाठोपाठ रौफभाईंचा हात थरथरायला लागला. दोन वर्षं त्यांनी ब्रशला हात लावलेला नव्हता. सर दर रविवारी त्यांच्याकडे जायचे, नकाशाचं बोलायचे आणि नकार घेऊन परत यायचे. आयुष्यात सरांनी एकही भिंत एकट्यानं रंगवलेली नव्हती. ही शेवटची होती, आणि महिनाअखेरीला, म्हणजे सरांच्या निवृत्तीला, फक्त नऊ दिवस राहिले होते.

मी स्कूटी काढली आणि थेट रौफभाईंच्या दारात जाऊन उभी राहिले.

त्यांनी खुर्ची दिली. विषय काढताच टेबलावरचं वर्तमानपत्र पुढे ओढलं आणि पेनानं त्यावर एक रेघ ओढली. उसवलेल्या शिवणीसारखी.

"देखो मैडम. ये मेरी लकीर. उसका आखरी काम है. मेरे हात से खराब नक्को. लोगां उसको हसेंगे."

"तुम्ही आला नाहीत तर ते भिंत पांढरीच ठेवून निवृत्त होतील," मी म्हटलं. "आणि आपल्या गावात पांढरी भिंत किती दिवस टिकते, तुम्हाला माहीत आहे. महिन्यात गुटख्यानं लाल होईल. त्यापेक्षा तुमची रेघ बरी."

रौफभाईंनी ते वर्तमानपत्र घडी करून बाजूला सारलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगे, मेरे पुराने कपडे किधर रखी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भिंतीपाशी. सर डावीकडून, नकाशातल्या पाथरीकडून निघाले. रौफभाई उजवीकडून, पूर्णेकडून. मधे गंगाखेडला भेटायचं ठरलं. दिवसभर खिडकीतून नुसती भांडणं ऐकू येत होती. रौफभाईंच्या तोंडी सर 'मिलिंद्या' होते.

"मिलिंद्या, पाथरी इतना नीचे कायकू लिया रे?"

"नकाशात जिथं हाय तिथंच घेतलंय. तुझ्या सासऱ्याचं गाव हाय म्हनून वर सरकवू का?"

दुपारी मी चहा घेऊन गेले. रौफभाईंची गोदावरी थरथरत आली होती, ते अपेक्षितच होतं. पण सरांच्या बाजूला बघितलं आणि चमकलेच. ज्या माणसानं तीस वर्षं फळ्यावर नुसत्या हातानं वर्तुळ काढलं आणि कंपास लावून बघितला तरी त्यात चूक सापडली नाही, त्याची नदीही तशीच थरथरत होती. तालुक्यांच्या सीमा थरथरत होत्या. 'सोनपेठ'वरची शिरोरेघसुद्धा.

मी सरांना बाजूला घेतलं. "सर, बरं वाटत नाही का? बीपीची गोळी घेतलीत? काम थांबवू या. मी डॉक्टरांना फोन लावते."

"हळू बोला, म्याडम."

त्यांनी माझ्या हातातला चहाचा कप घेतला. कप काठोकाठ भरलेला होता. एक थेंब सांडला नाही, वरची साय हलली नाही.

"जोड दिसाय नको," ते एवढंच म्हणाले.

तेवढ्यात रौफभाई ब्रश पुसत आमच्या बाजूला आले. डोळे बारीक करून त्यांनी सरांची नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग मोठ्यानं हसले. दोन वर्षांत हा माणूस असा हसला नसेल.

"अरे मिलिंद्या! तेरा भी हात गया की रे! बुड्ढा हुआ तू!"

"झालो बाबा," सर म्हणाले. "आता काय लपवायचं तुझ्यापासनं."

रौफभाई खुशीत आपल्या बाजूला परतले. सरांनी कप खाली ठेवला, ब्रश रंगात बुडवला, श्वास रोखून भिंतीला टेकवला आणि पुढची रेघ जपून, एकेक वळण तोलून, वाकडी काढली.