हृदयविकाराच्या झटक्याची रंगीत तालीम

हृदयविकाराचा झटका यावा तर पुरुषालाच, हे शहाण्या माणसांना वेगळं सांगायला नको. पुरुष कसा छाती धरून "मेलो!" म्हणतो आणि खुर्चीसकट कोसळतो. बायकांना ही शिस्त नाही. छातीत दुखलंच तरी सोबत दहा तक्रारी. एक ना धड भाराभर चिंध्या. असल्या झटक्यावर विश्वास तरी कसा ठेवावा?

कर्मचाऱ्यांना खरा झटका ओळखता यावा म्हणून आमच्या कार्यालयाने तालीम ठेवली. व्यवस्था माझ्याकडे होती. प्रशिक्षक रबरी पुतळा घेऊन आले (पुरुषाचा, बाईची छाती दाबायची म्हणजे सभ्य माणसाने कुठे बघायचं?). रुग्ण व्हायला अकरा पुरुष पुढे आले. ज्येष्ठतेनुसार मोठ्या साहेबांना झटका मंजूर झाला. खुर्च्या आवक-जावकच्या बाईंनी मांडल्या (सकाळपासून त्यांची पाठ भरून आली होती).

साहेब कोसळले. अहाहा, काय कोसळले! दोघांनी छाती दाबली, सात जणांनी वारा घातला, एकाला तर रडू आलं (बाईंना मळमळत होतं, शेजारणीने पित्ताची गोळी दिली).

"बायकांचं काही वेगळं असतं का हो?" टंकलेखिकेने विचारलं.

"वेळ उरला तर सांगतो," प्रशिक्षक म्हणाले. वेळ साहेबांच्या सत्कारात गेला (बाईंचा जबडा दुखत होता, घाम फुटला होता. "घरी काही टेन्शन?" मी आपुलकीने विचारलं. "नाही हो, दम लागतोय," त्या म्हणाल्या. "वय झालं आता," मी धीर दिला).

तालीम अर्धवट नको म्हणून साहेबांना खऱ्या रुग्णवाहिकेतून इस्पितळापर्यंत फिरवून आणायचं ठरलं. साहेब आडवे झाले, आम्ही हात हलवले. इकडे बाई खुर्च्या आवरताना जरा टेकल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. रुग्णवाहिका मागवली, तर ती साहेबांना घेऊन गेलेली.

चौकशी झाली. 'मयत कर्मचाऱ्याने योग्य ती लक्षणे दाखवली नाहीत,' असा निष्कर्ष निघाला. साहेब सुखरूप आहेत.

आता माझ्यावर कशाला डोळे वटारता? पाठ, मळमळ, जबडा, घाम, दम, सगळं मी तुम्हाला वेळच्या वेळी सांगत होतो. कंसात होतं, म्हणून तुम्हीही साहेबांकडेच बघत बसलात.