दोरेबाईंचं बनियन

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी दोरेबाईंनी टॅबचं चार्जिंग दोनदा तपासलं, अहवालाच्या प्रती दोनदा मोजल्या. बनियन मात्र तपासलं नाही. ते आदल्या दिवशी बाबांनीच दोरीवरून काढून, घडी करून खाकी पाकिटात घातलं होतं, आणि बाबांनी केलेली घडी म्हणजे तिच्यापुढे इस्त्रीने झक मारावी.

बाईंचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण लष्करासाठी कापड बनवणाऱ्या संशोधन संस्थेत त्या नऊ वर्षं धाग्यांत डोकं घालून बसल्या होत्या, आणि चष्मा शोधायला पर्समध्ये हात घालावा तर रीळ हाती लागावं अशी त्यांची गत होती. त्यामुळे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना दोरेबाईच म्हणत. मध्यंतरी बँकेतही कुणी तशी हाक मारली, तर बाईंनी बिनतक्रार ओ दिली.

या नऊ वर्षांचं फळ म्हणजे ते बनियन. वरून बघाल तर कुठल्याही दुकानात मिळावं तसं पांढरं, साधं. पण आत केसाहून बारीक असे चंदेरी धागे विणलेले. ते जवानाच्या छातीचे ठोके मोजत. गोळी लागून धागा तुटला, तर जखम नेमकी कुठे आहे तेही कळे. खालच्या शिवणीत शर्टाच्या बटणाएवढं यंत्र होतं, ते ही सगळी खबर, आणि जवान कुठे, किती उंचीवर आहे तेही, दूरच्या पडद्यावर पाठवी. "दिसायला साधंच हवं," असा बाईंचा हट्ट होता. "यंत्र घातलंय असं वाटलं तर पोरं घालायची नाहीत."

तीस वेळा धुऊनही ते चाललं पाहिजे, अशी लष्कराची अट होती. संस्थेचं धुलाई यंत्र बिघडलेलं, म्हणून बाई ते रोज घरी आणून हाताने धूत आणि गॅलरीतल्या दोरीवर बाबांच्या कपड्यांशेजारी वाळत घालत. घरात दोघंच. आई गेल्यापासून कपडे काढणं, घड्या घालणं ही खाती बाबांकडे होती.

"अगं, हे नवीन बनियन आणलंस ना माझ्यासाठी," बाबा चहा गाळता गाळता म्हणाले, "ते काखेत जरा काचतंय."

"सैल होईल दोन दिवसांत," चपलेत पाय सारत बाई म्हणाल्या. "बाबा, निघते मी, उशीर झालाय!"

एवढंच बोलणं झालं. बाई गेल्या. बाबा दहाच्या सुमारास नेहमीप्रमाणे फिरायला बाहेर पडले.

संस्थेच्या सभागृहात मोठा पडदा लावला होता. तपासायला आलेले कर्नलसाहेब उंच, शिडशिडीत गृहस्थ होते. समोरच्याचं उत्तर संपलं तरी त्याच्याकडे बघत राहायची त्यांना खोड होती. त्यामुळे माणूस उगाचच आणखी चार वाक्यं बोलायचा आणि त्यांतच फसायचा. बाहेर मैदानावर एक तगडा जवान बनियनवर गणवेश चढवून, पाठीवर वीस किलोची पिशवी घेऊन उभा होता. फाटकाशी अँब्युलन्स तयार होती. धोक्याची घंटा वाजली की ती किती चटकन सुटते, तेही आज दाखवायचं होतं.

जवान पळायला लागला. एक फेरी, चार फेऱ्या, दहा फेऱ्या. पडद्यावर आकडा दिसत होता: बहात्तर.

"एवढं पळून बहात्तर?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"निवडून आणलाय साहेब पोरगा!" संचालक म्हणाले. साहेब बघतच राहिले, तेव्हा त्यांनी भर घातली, "दूध पितो."

बाईंना मात्र ते पटेना. बहात्तर म्हणजे झाडाखाली सावकाश चालणाऱ्या माणसाचे ठोके.

"बसवा त्याला," साहेबांनी फर्मावलं. जवान खुर्चीत बसला, पाणी प्याला. पडद्यावरचा आकडा हलला. ऐंशी. शहाण्णव. एकशे दहा.

"पळताना शांत, आणि बसल्यावर धडधड?"

"शिस्त आहे साहेब," संचालक घाम पुसत म्हणाले. "त्याला विश्रांती सोसत नाही."

"नकाशा लावा."

बाईंनी नकाशा लावला. हिरवा ठिपका मैदानावर नव्हताच. तो होता तीन किलोमीटर लांब, भाजीबाजारामागच्या एका गल्लीत, आणि सावकाश पुढे सरकत होता. सगळ्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. जवान खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधत होता.

"जवान इथे आहे," कर्नलसाहेब म्हणाले. "मग तिथे कोण आहे?"

बाईंच्या कानात एकदम घंटा वाजली. काखेत काचतंय! आणि ती गल्ली तर त्यांना पाठ होती. त्या गल्लीत थोरले काका राहत. बाबांचं नि काकांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. का नव्हतं, ते दोघांपैकी कुणीही कधी सांगितलं नव्हतं. आईने मरेपर्यंत विचारलं, आणि बाबांनी दर वेळी विषय बदलला. बाजारात जायचं तर गल्लीला वळसा घालून जायचं, ही घरची रीतच पडून गेली होती.

"साहेब," बाई कशाबशा म्हणाल्या, "ते माझे बाबा आहेत. अदलाबदल झालीय. जवानाने बाबांचं बनियन घातलंय."

नऊ वर्षांचं काम आता बोंबललं, हे बाईंना स्वच्छ दिसलं. पण कर्नलसाहेब रागावले नाहीत. ते पडद्याजवळ गेले. ठिपका एका इमारतीत शिरला होता. थांबत थांबत वर चढला आणि मग जागच्या जागी राहिला.

एकशे अठरा. एकशे चोवीस. एकशे बत्तीस.

"उभे आहेत," साहेब हळू आवाजात म्हणाले. "पाठीवर ओझं नाही, हालचाल नाही, आणि ठोके एकशे बत्तीस. बाई, तुमचे वडील कुणाच्या तरी दारासमोर उभे आहेत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी उभा राहिलोय अशा दारांसमोर. हातात कुणाच्या तरी पोराचं सामान घेऊन." या वेळी त्यांच्याकडे बघत राहायची पाळी बाकीच्यांची होती.

तेवढ्यात घंटा किंचाळायला लागली. माणूस हलत नसेल आणि ठोके दोन मिनिटं एकशे तीसच्या वर असतील, तर मदत रवाना व्हावी, हा नियम दोरेबाईंनीच घालून दिला होता. अँब्युलन्सचा ड्रायव्हर सकाळपासून या क्षणाची वाट बघत तीनदा भांग पाडून बसला होता. बाई "थांबा, थांबा" करत पायऱ्या उतरेपर्यंत गाडी आपल्या पडद्यावरच्या ठिपक्याच्या रोखाने भोंगा वाजवत फाटकाबाहेर पडलीसुद्धा. फोन करावा तर तो गाडी चालवताना फोन न उचलणाऱ्या सज्जनांपैकी होता.

"जीप काढा," कर्नलसाहेब म्हणाले.

वाटेत संचालकांचा फोन आला. "बाई, जवान विचारतोय, परत पळू का?"

"नको हो! कपडे बदलू द्या त्याला."

"आणि तो म्हणतोय, बनियन फार मऊ आहे. हेच मिळणार का सगळ्यांना?"

बाईंनी फोन बंद केला. बाबांचं ते बनियन सहा वर्षांचं होतं.

काकांच्या दारात काय झालं, ते नंतर स्ट्रेचरवाल्याने सांगितलं ते असं. दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारा घामेघूम होऊन बंद दारासमोर उभा होता. बोट बेलपासून चार अंगुळं लांब, आणि तिथेच थिजलेलं. स्ट्रेचरवाल्यांनी "आजोबा, घाबरू नका" म्हणत त्याला अलगद उचललं, आडवं केलं आणि पट्टे आवळले.

"अहो, सोडा! धडधाकट आहे मी!" आजोबा ओरडले.

"सगळे असंच म्हणतात," स्ट्रेचरवाला म्हणाला.

या गलबल्याने शेजारची दारं उघडली, आणि सगळ्यात शेवटी समोरचंही उघडलं. आत काठी टेकत थोरला भाऊ उभा होता. पाय मुरगळल्यामुळे तो चार दिवस नेहमीच्या खिडकीत बसला नव्हता, आणि बाजारातून रोज लांबूनच ती खिडकी बघणारा धाकटा म्हणूनच आज वर आला होता. त्याने पायाशी पाहिलं. स्ट्रेचरवर त्याचा धाकटा भाऊ, दोन गणवेशवाले, पट्टे. काठी हातातून सुटली.

बाई जिना चढून वर आल्या तेव्हा काका दुखरा पाय लांब करून जमिनीवर बसले होते. बाबांचा हात त्यांच्या दोन्ही हातांत होता. बाबांचे डोळे मिटलेले होते.

"बोट उचललं होतं रे मी, धाकट्या," काका रडत म्हणत होते. "घोड्यावरून बोट उचललं होतं. तू बरोबर बोलत होतास. चाल झाली होती माझी, मी परत घेतली. आणि वर तुलाच लबाड म्हटलं. चारचौघांत म्हटलं."

बाईंना क्षणभर काही उमगेना. मग लख्ख उजाडलं. अकरा वर्षं. दोन घरं. आईने चोरून पाठवलेले लोणच्याचे डबे. आणि हे सगळं बुद्धिबळाच्या एका घोड्यापायी!

पण ते नंतर. आधी बाबा! त्या पुढे धावणार, तोच कर्नलसाहेबांनी त्यांचा दंड धरला आणि टॅब पुढे केला. आकडा होता सत्तर.

"सकाळपासून एवढे शांत नव्हते ते," साहेब कुजबुजले.

बाईंनी बाबांकडे नीट पाहिलं. डावा डोळा किलकिला झाला, लेकीवर पडला आणि घाईने मिटला.

स्ट्रेचरवाला उचलायला वाकला. "राहू द्या," कर्नलसाहेब गंभीरपणे म्हणाले. "पेशंटला जरा वेळ हलवू नका."

"पोरीची आई गेली तेव्हाही आलो होतो मी," काका बोलत होते. "लांब उभा राहिलो. तुला वाटलं असेल, दादा आलाच नाही. आलो होतो रे."

बाबांच्या मिटल्या पापण्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. शेजारची बाई पदराने नाक पुसत होती. मग स्ट्रेचरवरून अतिशय क्षीण आवाज आला.

"आणि... वजिराचं काय, दादा?"

"वजिराचं नाही कबूल करायचो!" काका ताडकन म्हणाले. "वजीर तुझा तू हलवलास. आणि ऊठ आता, पुरे झालं. सत्तर ठोके पडतायत तुझे. माझ्यापेक्षा ठणठणीत आहेस."

बाबांचे डोळे खाडकन उघडले. तेव्हा कुठे बाईंचं लक्ष गेलं. काकांनी बाबांचा हात नुसता धरला नव्हता. त्यांची तीन बोटं मनगटावर, अगदी नेमक्या जागी टेकली होती.

"पस्तीस वर्षं इस्पितळात नाड्या मोजल्या मी," काका डोळे पुसत म्हणाले. "मला शिकवतो होय?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"हात धरला तेव्हाच कळलं."

"मग हे सगळं बोललास कशाला?"

काकांनी थोरल्या भावाच्या ठसक्यात त्यांच्याकडे पाहिलं. "खरंच मरायला टेकला असतास, तर मला धड बोलता तरी आलं असतं का रे?"

स्ट्रेचरवाल्याने पट्टे सोडले. काकांना जमिनीवरून उठता येईना, तेव्हा बाबांनीच त्यांना काखेत हात घालून उठवलं, आणि दोघं एकमेकांच्या आधाराने आत गेले. दार उघडंच राहिलं.

थोड्या वेळाने बाई नि कर्नलसाहेब जिन्याच्या पायरीवर बसले होते. काकांच्या घरात कप कमी पडल्यामुळे दोघांना स्टीलच्या पेल्यांतून चहा मिळाला होता. धरवत नव्हता, पण सोडवतही नव्हता.

"म्हणजे चाचणी नापास," बाई म्हणाल्या.

"कापड चांगलं आहे. धागाही चांगला आहे. पुढच्या आठवड्यात जवानावर पुन्हा घेऊ." साहेबांनी पेला खाली ठेवला. "पण एक बटण बसवा त्याला, बाई. बंद करायचं. आणि ते ज्याच्या अंगावर बनियन आहे त्याच्याच हातात राहू द्या. माणूस कुठे, कशापुढे उभा राहून घाबरला, ते सगळ्यांना कशाला कळायला हवं? तो उभा राहिला, एवढं बास."

बाईंनी अहवालाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं: बटण, बंद करायचं.

एवढ्यात आतून आरोळी आली. "हात लावलास! लावलास तू प्याद्याला!"

"नीट ठेवत होतो मी!"

"अरे, नीट कसलं ठेवतोस? सगळ्या इमारतीने बघितलं!"

खालच्या पायरीवर बसलेला अँब्युलन्सचा ड्रायव्हर दचकून उठला आणि त्याने किल्लीकडे हात नेला.

"बसा हो," कर्नलसाहेब म्हणाले आणि पेला पुन्हा उचलला. "चहा घ्या. हे संध्याकाळपर्यंत चालेल."