हिंदराजची शिडी

पेंटर नाना गळ्याला चादर बांधून गच्चीवर उभे दिसले, की आमची गल्ली समजते, देशावर संकट आलं. मग कुणीतरी खालून विचारतं, "नाना, यंदा काय शे? पूर का लढाई?" नाना चादर वाऱ्यावर सोडतात, ती कशी फडफडते ते मान वळवून बघतात आणि म्हणतात, "दमानं भो. वारा बराबर येत नही."

नानांनी जन्मभर धुळ्यातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि हाताच्या पाट्या गेल्या, पण नाना बसले नाहीत. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला चौकातल्या त्यांच्या दुकानावर चित्रकथेचं दरवाजाएवढं एक रंगीत पान चढतं. त्यावर असतो वीर हिंदराज. तिरंगी पोशाख, छातीवर चक्र, गाव शिंदखेडा. हा सुपरहिरो परग्रहावरून बिरग्रहावरून आलेला नाही. त्याची सगळी ताकद ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरीत आहे.

प्रत्येक प्रसंग नाना आधी स्वतः करून बघतात. सलूनवाल्याने टाकून दिलेला मोठा आरसा त्यांच्या दुकानात आहे. त्याच्यासमोर ते कधी हिंदराज होतात, कधी दुश्मन, कधी वाहून जाणारी म्हैस. आरशामुळे एकच घोटाळा होतो. पहिल्याच पानावर हिंदराजने डाव्या हाताने सलामी ठोकली होती. निवृत्त हवालदार बापू तावातावाने भांडायला आले, तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "दुश्मन गोंधळाले पाहिजे ना भो."

मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून पानाचं शुद्धलेखन माझ्याकडे. चित्राबद्दल बोलायची मला परवानगी नाही. तरी एकदा न राहवून विचारलं होतं. हा हिंदराज विमानाच्या पुढे उडतो, पण परत येताना दर वेळी विजेच्या खांबावर अडकतो. मग एक वायरमन शिडी घेऊन येतो आणि त्याला उतरवतो. उडणाऱ्या माणसाला शिडी कशाला?

नाना ब्रश धूत होते. "वर चढनारले खाले कोनीतरी धरनारं लागस, भो," एवढंच म्हणाले.

गल्लीची खरी तक्रार वेगळी होती. हिंदराजचं लग्न का होत नाही? सिंधूअक्का तर हात धुऊन मागे लागल्या होत्या. गल्लीतली निम्मी लग्नं अक्कांनी जुळवलेली. नाना स्वतः बिनलग्नाचे राहिले, तिथे अक्कांनी हार मानली होती. निदान चित्रातला तरी सोडायचा नाही असा त्यांचा निर्धार होता. त्यांनी पिंपळनेरची एक मास्तरीण सुचवली, एक नर्सही सुचवली. नाना म्हणत, "देश मोठा शे अक्का, लगीन ल्हानं." पण या उन्हाळ्यात कसे कोण जाणे, म्हणाले, "पंधरा ऑगस्टले दखाडस, त्यानं मानूस कोन शे ते." त्यानंतर गल्लीत दुसरा विषय उरला नाही.

चौदा तारखेला दुपारी नानांनी मला बोलावलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. पान भिंतीला टेकवलेलं होतं.

शिंदखेड्याचं घर, कानबाईचे रोट. आमच्याकडे श्रावणात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. त्या गव्हाचा स्वयंपाक देवीला दाखवायचा आणि फक्त भाऊबंदांनी खायचा. जावई कितीही लाडका असो, त्याची मूठ निघत नाही. चित्रात हिंदराजची आई गहू मोजत होती. शेजारी हिंदराज होता, आणि त्याचा हात हातात धरून उभा होता तो वायरमन. आई म्हणत होती, "ही सव्वा मूठ माझ्या हिंदराजची, आणि ही मुरलीची."

मी शुद्धलेखन बघायचं विसरलो.

"मुरली खरा व्हता," नाना म्हणाले. "वायरमन. मी पाट्या रंगाडू, तव्हय शिडी तोच धरे. त्याना घरनास्नी लगीन लायी दिधं, मंग बोदवडले बदली व्हयनी. गया पावसायामा वारना, मरी गया. माले कोनी सांगं बी नही." कोपऱ्यात रंगाचे डाग पडलेली बांबूची जुनी शिडी होती, तिच्यावरून त्यांनी हात फिरवला. मग विचारलं, "लोके पान फाडतीन का हो सर?"

 फाडलं असतं तर नुसतं पान गेलं नसतं, नाना गेले असते. मी म्हटलं, "मुरलीची वेलांटी बरोबर आहे. लावा."

सकाळी झेंडावंदन झालं आणि सगळी गल्ली पानाखाली जमली. मी मोठ्याने वाचलं.  नाना दुकानाच्या पायरीवर रिकामा ब्रश धरून बसले होते.

बापू म्हणाले, "देशाचा वीर असा असतो का?"

अक्कांनी चष्मा पुसला, परत लावला. "बापू, पांझराना पूरमा त्यानी आपला पूल धरी ठेवा, तव्हय तुमी त्याले इचारं व्हतं का, तुना घरमा कोन शे म्हनीसन? इतला वरीस देश वाचाडा त्यानी. आते त्याले घर नको का?"

बापूंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "मी आपलं विचारलं," ते म्हणाले.

"पन नाना, हाई चुकनं शे," अक्का कडाडल्या.

नानांचा चेहरा उतरला. माझाही.

"माय डाव्या हातनी गहू मोजी ऱ्हायनी. कानबाईनं काम डाव्या हातनी करतस का? देवी कोपी ना. आते उठा, हात बदला. मुरलीनी मूठ बराबर निघाले पाहिजे."

आधी बापू हसले, मग चौकच हसत सुटला. नाना इतके हसले की डोळे पुसायला लागले, आणि मग पुसतच राहिले. अक्कांनी तिकडे पाहिलंच नाही. त्या बायकांना सांगत होत्या, यंदा रोटाला नाना आमच्याकडे, भाऊबंदांनी काय म्हणायचं ते म्हणू दे, नानांच्या नावाची मूठ मी काढणार.

मी कोपऱ्यातली शिडी आणली. नाना चढले आणि आईचा हात उजवा करू लागले. आता शिडी मी धरली होती, दोन्ही हातांनी. वर नाना रंगात गुंग झाले, गुणगुणायला लागले, आणि खाली न बघताच म्हणाले, "मुरल्या, हालू देऊ नको रे."

मी "हो" म्हटलं आणि शिडी आणखी घट्ट धरली.